कै. डॉ. आनंदीबाई जोशी

मनुष्याच्या शरीरात हाडे किती, असा प्रश्न आमच्या शाळेतील नववीच्या कोणत्याही मुलीस विचारला, तर ती क्षणाचाही विलंब न लावता २०६ असे उत्तर देईल. हृदयाचे कप्पे चार, फुफ्फुसे दोन, मूत्रपिंडे दोन, हेही ती बोटांवर मोजून दाखवील. हे ज्ञान तिला पाठ्यपुस्तकात आयते मिळालेले असते, आणि आयत्या मिळालेल्या वस्तूचे मोल सहसा कळत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातील मुलीस स्वतःच्याच देहाची ही माहिती मिळण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. तो मार्ग मोकळा व्हावा म्हणून अठरा वर्षांची एक ब्राह्मण तरुणी पतीला मागे ठेवून समुद्रापार अमेरिकेस गेली. तेथे तिने शरीराच्या सर्व संस्थांचे शास्त्रोक्त अध्ययन करून डॉक्टरची पदवी मिळविली. आणि स्वदेशी परत आल्यावर चार महिन्यांच्या आत क्षयरोगाने तिचा अंत झाला. त्या डॉ. आनंदीबाई जोशी होत. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवण्याचे आम्ही यंदा योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही कन्या. वडिलांचे नाव गणपतराव व मुलीचे माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी जमीनजुमला बाळगून होते, परंतु पुढे त्याची परिस्थिती खालावली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव पोस्टखात्यात कारकून होते. ते बिजवर असून वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव मोठे विलक्षण गृहस्थ होते. आपण बायकोस शिकवू, हा त्यांचा आग्रह लग्नाच्या आधीपासूनचा होता. स्त्रीने पुस्तक हाती धरणे हे जेथे लोकांस कुलक्षण वाटे, तेथे हा मनुष्य पत्नीस रोज मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवीत बसे. परंतु त्यांचा स्वभाव तापट होता व अभ्यासात हयगय झालेली त्यांस खपत नसे. कोवळ्या वयाच्या आनंदीस त्यांनी शिक्षणापायी मारहाणही केली. चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यांच्यावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या हे खरे आणि त्यांच्या हातून तिला पुष्कळ सोसावे लागले हेही खरे. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या तरच या बाईंच्या धीराची कल्पना येते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघा दहा दिवस जगला. त्यास योग्य असे वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही. या दुःखातूनच वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा उत्पन्न झाली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यासंबंधी आजचे शास्त्र काय सांगते ते येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. चौदाव्या वर्षी मुलीची हाडे पुरती वाढलेली नसतात. कटीचा जो अस्थिपंजर बाळास वाट देतो, त्याची रुंदी उंची थांबल्यावरही काही काळ वाढत राहते. गरोदरपणी आईच्या अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. तेवढे जास्तीचे रक्त तयार करण्यास लोह व प्रथिने लागतात, ते फिरविण्यास हृदयास अधिक श्रम पडतात, आणि दोन जिवांचे मलद्रव्य मूत्रपिंडांस गाळावे लागते. जी मुलगी स्वतःच अजून वाढत आहे, तिच्या देहातील प्रत्येक संस्थेवर हा दुहेरी भार पडतो. म्हणून अल्पवयी मातेचे बाळ पुष्कळदा अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे निपजते, व माताही दुबळी होते. ज्या काळी हे ज्ञान घरोघर नव्हते, त्या काळी लोक दैवास बोल लावीत असत.

आता त्या काळच्या वैद्यकीय साहाय्याची स्थिती पाहा. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामांकित वैद्य त्यातून बाहेर पडले होते. परंतु हे सर्व डॉक्टर पुरुष होते. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यापेक्षा ते अंगावर काढावे, अशी कुलीन घरच्या स्त्रियांची समजूत होती. बाळंतपण सुइणीच्या हाती, आणि सुइणीस शरीराची रचना ठाऊक नाही. म्हणजे देशात औषध होते, डॉक्टर होते, रुग्णालय होते. पण निम्म्या प्रजेच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखेच. ही अडचण दूर होण्यास स्त्रियांनी स्वतः डॉक्टर होणे एवढा एकच उपाय होता.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या व त्यांच्याबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा प्रवास करीत राहिल्या. काही काळ त्या मिशनच्या शाळेत गेल्या. पुस्तके हाती घेऊन पायी जाणारी विवाहित ब्राह्मण मुलगी पाहून लोक वाटेत थट्टा करीत व अपशब्द बोलत. ते सर्व त्यांनी मुकाट्याने सोसले.

१८७८ साली गोपाळरावांनी रे. वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जाण्याच्या कामी मदत मागितली. रे. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरास पुष्कळ वर्षे काम केले होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याविषयी सुचविले. ही अट जोशी दांपत्यास मान्य झाली नाही, व प्रकरण तेथेच थांबले. परंतु हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. शिकण्यासाठी धडपडणाऱ्या त्या दूरच्या मुलीविषयी त्यांचे अंतःकरण द्रवले. त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले, आणि कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. दोघींमध्ये पत्रे सुरू झाली व लवकरच आनंदीबाई त्यांस मावशी मानू लागल्या. आमची शाळा मिशनची आहे. म्हणून ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या मदतीस अट होती ती फळास आली नाही. जी निरपेक्ष होती तिने एका मुलीस डॉक्टर केले. शिक्षणाचे दान करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे मनात वागविण्यासारखे आहे.

कलकत्त्यास असता आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोके दुखावे, मधून मधून ताप यावा, दम लागावा, अशी लक्षणे दिसू लागली. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. त्यांचा गुण आला नाही. तरीही परदेशगमनाचा बेत त्यांनी सोडला नाही. गोपाळरावांस त्या वेळी नोकरी सोडून जाणे शक्य नव्हते. म्हणून पत्नीने एकटीने पुढे जावे असे ठरले. समुद्रपर्यटन करणाऱ्यास वाळीत टाकण्याचे ते दिवस, आणि त्यात एकटी स्त्री! टीकेचा वर्षाव झाला. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून व्याख्यान दिले. हिंदुस्थानास स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे, आपण अमेरिकेसच का जातो, व तेथे आपण हिंदू म्हणूनच राहू व हिंदू म्हणूनच परत येऊ, हे तीनही मुद्दे त्यांनी निर्भयपणे मांडले. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीच्या भाषणाचा श्रोत्यांवर चांगला परिणाम झाला, व काहींनी द्रव्यसाहाय्यही केले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांस घेण्यास आल्या होत्या. उन्हाळा रोझेल येथे काढून त्या वर्षीच्या हिवाळी सत्रास त्यांनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यक महाविद्यालयात नाव घातले. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले असून केवळ स्त्रियांस वैद्यक शिकविणारी ती जगातील आद्य संस्थांपैकी एक होय. तेथील मुख्याध्यापिका रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. त्यांनी आनंदीबाईंस आपुलकीने वागविले.

या महाविद्यालयात तीन वर्षे जे शास्त्र शिकावयाचे, त्याचा पाया म्हणजे शारीर व इंद्रियविज्ञान. शरीरात काय कोठे आहे ते शारीरशास्त्र सांगते; ते का आहे व कसे चालते हे इंद्रियविज्ञान सांगते. ज्या समाजात प्रेतास शिवणे हा विटाळ मानला जाई, त्या समाजातील मुलीस शवच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहावयाचे होते. आमच्या विद्यार्थ्यांस हा विषय परीक्षेसाठी लागतोच. तेव्हा त्या काय शिकत होत्या हे थोडक्यात पाहणे उपयोगाचे होईल.

आमच्या शाळेची सहल दौलताबादच्या किल्ल्यावर जाते, असे समजा. पायऱ्या चढणाऱ्या एकाच मुलाकडे आपण लक्ष देऊ. त्याच्या मांडीचे स्नायू आकुंचन पावतात व हाडांस तरफेप्रमाणे उचलतात; ही स्नायुसंस्था व अस्थिसंस्था. स्नायूंस जळण पाहिजे. ते सकाळी खाल्लेल्या भाकरीतून आले. तोंडातील लाळेपासून पचनास आरंभ झाला. जठरात अन्नाचे मंथन झाले. यकृताचे पित्त व स्वादुपिंडाचा रस येऊन मिळाले. आणि सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्यातून भाकरीची साखर होऊन ती रक्तात गेली. ही पचनसंस्था. जळण असून भागत नाही, त्यास प्राणवायूही लागतो. म्हणून मुलास धाप लागते. एरवी मिनिटास पंधरा-वीस वेळा चालणारा श्वास दुपटीने चालू लागतो, आणि फुफ्फुसांतील कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात व कार्बनचा वायू बाहेर अशी देवघेव होते. ही श्वसनसंस्था.

साखर व प्राणवायू मांडीपर्यंत पोचविते कोण? रक्त. मलिक अंबराने सतराव्या शतकात डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरींनी आमच्या नगरात आणले, हे सर्वांस ठाऊक आहे. नहर फुटत फुटत जशी मोहल्ल्यामोहल्ल्यात जाई, तशीच हृदयापासून निघालेली महारोहिणी फुटत फुटत केसाहून बारीक वाहिन्यांपर्यंत जाते. मात्र एक भेद आहे. नहरीचे पाणी हौदात पडले की ते उगमाकडे परत जात नाही. रक्त मात्र नीलांवाटे हृदयाकडे परत येते, फुफ्फुसांत शुद्ध होते व पुन्हा निघते. ही गोष्ट इंग्लंडातील विल्यम हार्वे याने १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केली. हृदय मिनिटास सुमारे सत्तर वेळा, म्हणजे दिवसास सुमारे एक लक्ष वेळा, आकुंचन पावते, व स्वस्थ बसलेल्या मनुष्याचे सुमारे पाच लिटर रक्त दर मिनिटास फिरविते. किल्ला चढताना ते याच्या कित्येक पट काम करते.

जळण जळले की राख उरावयाचीच. देहातील ती राख मूत्रपिंडे गाळतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसास सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, व त्यातील उपयुक्त भाग परत घेऊन दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकतात. त्वचा घाम आणून अंग थंड राखते. मेंदू, पृष्ठरज्जू व मज्जातंतू ही मज्जासंस्था पाऊल कोठे टाकावे ते ठरविते. आणि अंतःस्रावी ग्रंथी आपले रस रक्तात सोडून वाढ, बळ व पचन यांवर नियंत्रण ठेवतात. या ग्रंथींचे ज्ञान बहुतांशी आनंदीबाईंच्या नंतरचे, विसाव्या शतकातले आहे. त्याचप्रमाणे रोगजंतूंशी झगडणारी जी संरक्षणसंस्था आज शिकविली जाते, तिचेही बरेचसे शास्त्र पुढे निर्माण झाले.

या सर्वांचे सार एवढेच की, पुस्तकात संस्थांची निरनिराळी प्रकरणे असली, तरी देहात त्या निरनिराळ्या नाहीत. पायऱ्या चढणाऱ्या मुलाच्या ठायी त्या सर्व एकाच क्षणी एकमेकींच्या आधाराने चालतात. एक थकली की दुसरी थकते. हे तत्त्व आनंदीबाई वर्गात शिकल्या. पण दुर्दैवाने त्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या देहातच तयार होत होता.

फिलाडेल्फियाचा हिवाळा अतिशय कडक. आनंदीबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही व पोषाखही लुगड्याचाच ठेवला. परकी हवा, अपुरे अन्न आणि अभ्यासाचे अपार श्रम यांनी मूळचे नाजूक शरीर खंगत चालले. तरीही वर्ग चुकवावयाचा नाही हा त्यांचा बाणा होता. त्याच महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लांबूली या विद्यार्थिनी शिकत होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये तिघींचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. तिघीही आपापल्या देशाच्या पोषाखात बसलेल्या आहेत. पूर्वेकडील तीन देशांच्या तीन कन्या एकाच विद्येसाठी एका छताखाली आलेल्या पाहून आजही मन भरून येते.

पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या ज्ञानाच्या अभावी चौदाव्या वर्षी त्यांच्यावर प्रसंग आला, नेमका तोच विषय त्यांनी अभ्यासासाठी निवडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेस येऊन पोचले होते. पदवीदान समारंभास त्यांच्या आप्त पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदन कळविले. पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्रियांपैकी होत. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाची परीक्षा पुरी केली, हे येथे नमूद केले पाहिजे.

कोल्हापूर दरबाराने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची मुख्य डॉक्टर म्हणून आनंदीबाईंची नेमणूक केली. जेथे त्या शाळेत शिकण्यास गेल्या होत्या, त्याच शहरी आता डॉक्टर म्हणून जावयाचे होते. परंतु ही जागा त्यांच्या हातून कधी भूषविली गेली नाही. पदवी मिळेपर्यंतच क्षयाने त्यांस ग्रासले होते.

क्षय म्हणजे काय, हे त्या काळी नुकतेच उमगू लागले होते. जर्मनीतील रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे मार्च १८८२ मध्ये जाहीर केले. म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी. रोग्याच्या खोकण्याबरोबर हे जंतू हवेत उडतात व दुसऱ्याच्या फुफ्फुसांतील वायुकोशांत जाऊन बसतात. देह धडधाकट असला तर संरक्षक पेशी त्यांस वेढून ठेवतात, आणि वर्षानुवर्षे काही अपाय होत नाही. अन्न, विश्रांती व बळ कमी पडले की तो वेढा सुटतो. मग फुफ्फुस पोखरले जाऊ लागते. वायुकोश कमी झाले म्हणजे प्राणवायू कमी पडतो. ती उणीव भरून काढण्यास हृदय अधिक वेगाने धावते. ताप देहातील साठा जाळतो. भूक मरते, त्यामुळे पचनसंस्था नवे जळण देईनाशी होते. शेवटी स्नायू झिजतात व मनुष्य हाडांचा सापळा होतो. रोग एका संस्थेत शिरतो, पण त्याचा कर सर्व संस्थांस द्यावा लागतो.

आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या. कोणत्या लक्षणानंतर कोणते लक्षण यावयाचे, हे त्या शिकल्या होत्या. पण जाणणे निराळे व बरे करणे निराळे. क्षयावर त्या वेळी जगात कोणापाशीही औषध नव्हते. पहिले खरे गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली सापडले, आणि तेही कोठे, तर ज्या न्यू जर्सी राज्यात कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंस प्रथम आपल्या घरी नेले, त्याच राज्यातील रट्गर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मधे साठ वर्षे लोटली होती.

नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईस परत आल्या. निघताना ज्यांनी निंदा केली होती, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आता स्वागतास पुढे आले. धर्म न सोडता, वचन पाळून ही मुलगी परत आली, याचे सर्वांस कौतुक वाटले. पण प्रवासाने रोग बळावला होता. त्यांस पुण्यास नेण्यात आले. तेथे उपचार झाले. उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे मुक्कामी त्यांचा अंत झाला. बाविसावा वाढदिवस येण्यास अजून एक महिन्यावर दिवस होते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या, व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आल्या. अट न घालता घर देणाऱ्या मावशीने भाचीस शेवटची जागाही आपल्याच माणसांत दिली.

त्यांच्या मृत्यूनंतर, १८८८ साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांची कादंबरी, त्यावरील नाटक व २०१९ साली निघालेला चित्रपट यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले. शुक्र ग्रहावरील एका विवरासही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

कोणी म्हणेल, ज्या डॉक्टरणीस आपल्या देशात काम करण्यास वेळच मिळाला नाही, तिचे चरित्र कशासाठी सांगावे? आमचे उत्तर असे आहे. त्यांनी स्वदेशी दवाखाना चालविला नाही हे खरे. पण स्त्रीस ही विद्या येते, ती पेलते, आणि ती विद्या घेऊन स्त्री आपल्या माणसांत परत येते, हे त्यांनी एकदा सिद्ध करून दाखविले. वाट एकदा मळली की मागून येणाऱ्यांस ती सोपी होते. डॉ. रखमाबाई यांनी लंडनमध्ये वैद्यक शिकून १८९४ साली पात्रता मिळविली व पुढे सुरत येथे आणि राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. आज आपल्या नगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याच्या रुग्णालयास सारे मराठवाडा घाटी या नावाने ओळखते व जे १९५६ साली स्थापन झाले, तेथे शवच्छेदनाच्या टेबलाशी मुली मुलांच्या बरोबरीने उभ्या असतात. त्यांपैकी कित्येक जणी खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या लेकी आहेत.

तरी एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झाली होती. मराठवाड्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत, मुलीस मागे एकटी कोठे ठेवावी या काळजीने, तिचे लग्न लवकर उरकण्याची प्रथा अजून सुटलेली नाही. आईबापांची ती काळजी आम्ही जाणतो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची हाडे, रक्त व हृदय यांविषयी जे वर लिहिले, ते १८७९ साली जितके खरे होते, तितकेच आजही आहे. देह कायद्यापेक्षा जुना आहे. तो कोणाची अडचण ऐकत नाही. मुलीस वसतिगृहात ठेवावे, नातलगांकडे ठेवावे, शाळेत येऊन आम्हांस विचारावे; पण तिची वाढ पुरी होऊ द्यावी.

दुसरी गोष्ट क्षयाची. आनंदीबाईंपाशी विद्या होती व औषध नव्हते. आपल्यापाशी औषध आहे व पुष्कळदा ती विद्या नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सायंकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, यांपैकी काही घरातील कोणास दिसले, तर लाज न धरता थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. साधारण क्षय सहा महिने नेमाने औषध घेतल्यास बरा होतो. मात्र बरे वाटू लागताच औषध मधेच सोडल्यास तो उलटतो व मग औषधासही दाद देत नाही. घरात सून किंवा मुलगी खोकत असेल, तर तिचे दुखणे अंगावर काढू देऊ नये. कामाची माणसे आधी व बायका मागून, हा क्रम जेवणातही नको आणि औषधातही नको.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. शरीराच्या संस्थांचा पाठ केवळ गुणांसाठी घोकू नका. वेळेवर जेवा, पुरेसे झोपा, उघड्या हवेत खेळा, खिडक्या उघड्या ठेवा. अभ्यासासाठी देह झिजविणे हे आनंदीबाईंस भाग पडले. तुम्हांस ते भाग नाही. त्यांचा निश्चय घ्या, पण त्यांच्या वाट्यास आलेली देहाची उपेक्षा मात्र घेऊ नका. ज्या मुलीस आज २०६ हाडे तोंडपाठ आहेत, तिने घरी जाऊन आपल्या आईस हृदय कसे चालते, लोह कशातून मिळते व ताप का येतो एवढे समजावून सांगितले, तरी कल्याणच्या त्या मुलीचे अर्धे राहिलेले काम आमच्या नगरात एका घरी तरी पुढे चालू झाले असे आम्ही समजू.